विमानवाल्या बाईंचे मिस्टर

८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण लग्नाच्या दिवशीच तुम्ही बजावलं होतं, "वाकू नकोस गं सारखी, पाठ धरेल." तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरता ना?

तुमचं पत्र पोचलं. "एका खेळण्यापायी कोणी घर सोडतं का? झालं गेलं विसर आणि परत ये," हे वाचून आधी हसू आलं, मग चहा केला, मग राग आला. म्हणून उत्तराला उशीर.

मी मजेत आहे. खोली छोटी, पण खिडकीशी टेबल बसतं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर ठोकठोक. चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू आहे. मालक परवा म्हणाले, "बाई, तुम्ही बसवलेला स्क्रू गिऱ्हाईक म्हातारं झालं तरी ढिला होत नाही." पगार मात्र वाढवला नाही.

आता ते मी बनवलेलं हातभर विमान. तुम्ही ते अर्धवट असताना पाहिलंत. एकावर एक दोन पंख, मध्ये काडीएवढे खांब. त्या खांबांच्या मधून तिरके दोरे ओवायचे असतात. खऱ्या विमानाला तारा असायच्या, माझ्याकडे केसासारखं नायलॉन. पंखाला भोक पाडायचं, दोरा ओवायचा, खाली कपड्यांचा चिमटा लटकवून ताण द्यायचा आणि भोकावर गोंदाचा थेंब. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एकच बाजू ओढत सुटलं की पंख पिळवटतो. सुया तुमच्याच, भरतकामाच्या डबीतल्या. सगळे दोरे लागले तेव्हा अशा छोट्या विमानांचं प्रदर्शन महिन्यावर आलं होतं आणि मी घरभर मिरवत होते.

आणि ते तुटले. "धूळ झटकताना जळमटं वाटली," असं तुमच्या भावाने सांगितलं. तुम्हालाही तेच कळवलेलं दिसतंय. मीही शेजारणीला तेच सांगितलं, दुकानात तेच सांगितलं, वर हसलेसुद्धा.

वन्सं, फडकं लागलं तर दोरा गोंदातून निसटतो, भोकातून बाहेर येतो. हे मधोमध तुटले होते. एकूण एक. टोकं अगदी स्वच्छ. आणि माझी बारीक कात्री टोपण लावून डबीत ठेवलेली होती. मी टोपण कधीच लावत नाही, त्यावरून किती बोलणी खाल्ली आहेत मी. वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय त्यांना लहानपणी तुम्हीच लावलीत ना?

तुटले नाहीत. कापले. उशीर खरं तर या एका शब्दामुळे झाला. तो लिहायलाच हात उचलत नव्हता.

का कापले तेही सांगते. विमानासकट माझा फोटो पेपरात आला होता, आठवतं? त्यानंतर त्यांच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात एका बाईंनी यांची साहेबांशी ओळख करून दिली, "हे आपल्या विमानवाल्या बाईंचे मिस्टर." सगळे हसले, हेही हसले. घरी येताना मात्र माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर टेबलावर ते कापलेले दोरे.

मी सरळ विचारलं. नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "दोरेच तर आहेत, परत ओव." आणि पेपर वाचायला घेतला. आरडाओरडा केला असता तर मी कदाचित राहिलेही असते. त्या "परत ओव"ने मी बॅग भरली.

तुम्ही लिहिलंय, तुटलेलं सांधता येतं. दोऱ्याचं विचाराल तर नाही येत. गाठ ताण धरत नाही, शिवाय दिसते. जुना उपटून, भोक साफ करून नवाच घालावा लागतो. यातून संसाराचा अर्थ काढत बसू नका, मी दोऱ्यांबद्दलच बोलतेय. बरं, काढा हवा तर.

नवे दोरे ओवून झाले. रडले थोडी, पण ते चिमटा लटकवून झाल्यावर, काम सांभाळून.

रविवारी प्रदर्शन आहे. तुम्ही या, खुर्ची राखून ठेवते. तुमच्या भावालाही खुशाल आणा. मात्र कोणाशी ओळख करून द्यायची वेळ आली तर मी "विमानवाल्या बाईंचे मिस्टर" अशीच करून देणार, आणि या वेळी त्यांनी उगाच हसायचं नाही. जमणार असेल तरच यावं.

परतीचं तिकीट त्यांचं एकट्याचंच काढा. तुम्ही राहा माझ्याकडे चार दिवस, दुसरी गादी घेतली आहे.

तुमचीच, आणि हे त्यांना विचारून ठरत नाही,
भावजय