गायीनंतरचं पान

चिमीच्या बाबांना,

नमस्कार. चिमीच्या आणि तुमच्या मध्ये पडू नका, असं तिच्या आईने बजावलंय. त्यामुळे हे पत्र टाकणार नाही, फक्त लिहितोय.

तुम्ही चिमीला आणलेलं ते जनावरांच्या गाण्यांचं पुस्तक हल्ली मी वाचून दाखवतो. त्यात गायीनंतरची दोन पानं दूध सांडून चिकटली होती. मी पडलो बाइंडर. असलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. वाफ देऊन पानं अलगद सोडवली, तर आत कोरी करकरीत शेळी निघाली.

मी ऐटीत वाचलं, "गाय म्हणाली, हंबा हंबा. शेळी म्हणाली, जरा थांबा."

चिमीने पानावर हात ठेवला. "इथे शेळी नाही. इथे बाबा असतो." मग तिने म्हणून दाखवलं, "बाबा म्हणाला, आलो, थांबा."

शेळीचं पान चिकटलं आणि यमक अडलं म्हणून तुम्ही ही ओळ ठोकून दिली असणार. खरं सांगतो, मला राग आला. तिच्या आईशी लग्न झाल्यापासून दीड वर्ष मी तिच्या वेण्या घालतोय आणि माझी साधी शेळी तिला चालत नाही. "छापलंय तेच वाचायचं," असं मी जरा जोरातच म्हणालो. ती रडली नाही. पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी खळ शिजवून मी पानं पुन्हा चिकटवली. स्वतःचं चांगलं काम आयुष्यात पहिल्यांदा बिघडवलं.

गेले तीन शनिवार ती बूट घालून दारात तुमची वाट बघते. येत्या शनिवारीही बसेल.

गाय झाली की मी गप्प बसतो. ती ओळ ती एकटीच म्हणते.

चिमीचा काका