पडद्यावरचे डावखुरे मास्तर

ती. ताईस,

धाकट्याचा (वय एकोणसाठ, अक्कल तू ठरवशील ती) नमस्कार. हल्ली गुडघा जास्त कुरकुरतो की भावोजी, ते कळव. माझ्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. आता सगळं लख्ख दिसतं, आणि जे दिसलं ते सांगायलाच बसलोय.

ऑपरेशनसाठी मला शिवणवर्गातून तीन आठवडे सुट्टी, आणि माझ्या विद्यार्थिनींची परीक्षा तर डोक्यावर. तुझी लेक म्हणाली, मामा, शर्ट शिवतानाचा व्हिडिओ करून ठेव, वर्गात नवा पडदा आहेच (बोट लावलं की चित्र थांबतं, दोन बोटं फाकवली की एकेक टाका पाटाएवढा होतो). मी नाक मुरडलं. बघून शिवण आलं असतं तर कुस्ती बघणारे सगळेच पैलवान झाले असते! पण अडला हरी. फोन समोर टेकवला, दिसत तर काही नव्हतं, हाताला लागेल ते बटण दाबलं आणि कापण्यापासून कॉलरपर्यंत सगळं करून दाखवलं. वर्गाला वर ताकीद दिली, की पडद्यावर दिसेल तस्संच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

परत येऊन बघतो तर काय! अकरा जणी कात्री डाव्या हातात धरून कापड उंदरासारखं कुरतडतायत, आणि पुरुषांच्या शर्टांना बटणं बायकी बाजूला. मी बोंबललो. त्या म्हणाल्या, मास्तर, तुम्हीच बघा. बघितलं. ताई, पडद्यावर मी डावखुरा! घड्याळ उजव्या मनगटावर, मागची 'शांतता राखा' पाटी आरशातल्यासारखी उलटी. तस्संच करायचं म्हणालो होतो ना, त्यांनी केलं.

बारावी मात्र दूधवाल्याची सून, जन्माची डावखुरी. दोनदा नापास झालेली. ही तिची शेवटची संधी, आणि पास झाली तर दवाखान्याच्या शिवणखोलीत नोकरी नक्की. दोन वर्षं मी तिच्यावर 'हात सरळ धर' म्हणून खेकसलो. आता तिची कॉलर हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. तशी कॉलर जमायला मला चार वर्षं लागली होती. विचारलं, कसं गं जमलं? म्हणाली, "पहिल्यांदाच माझ्यासारखे हात दिसले, मास्तर. आणि बावीस वेळा मागं नेलं तरी पडदा खेकसत नाही." लागलं गं मला.

तिचीही बटणपट्टी चुकीच्या बाजूला होती, ती एका दुपारी योग्य बाजूला आली. बाकीच्यांना उजव्या हातावर आणताना माझा घसा बसला (खेकसलो नाही. म्हणजे फार नाही). काल निकाल लागला. सगळ्या पास, सून पहिली! सोमवारी कामावर रुजू होतेय. मला रडू आलं, पण डोळ्यात औषध घातलंय म्हणून वेळ मारून नेली.

भावोजींना नमस्कार, गुडघ्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – संस्थेच्या प्रमुख बाईंना वाटतं, डावखुऱ्यांसाठी उलट्या व्हिडिओची ही पद्धत मी विचारपूर्वक शोधून काढली. मीही नाही म्हणालो नाही. आता शनिवारी चाळीस शिक्षकांसमोर ती करून दाखवायची आहे. तेव्हा मी नेमकं कोणतं बटण दाबलं होतं, ते तुझ्या लेकीला विचारून शुक्रवारच्या आत कळव. पत्राचं खरं कारण हेच.

आणखी ता. क. – खोटं बोललो. ते तिला फोनवरही विचारता आलं असतं. लहानपणी तू डाव्या हातात सुई धरलीस म्हणून आईनं ती काढून घेतली, आणि मी फिदीफिदी हसलो. त्यानंतर तू कधी सुई धरली नाहीस. सोबत व्हिडिओ पाठवतोय. कॉलरपाशी अडलीस तर मागं ने. मी ओरडतोय असं वाटलं तर आवाज बंद कर, नुसते हात बघ.