एकच शब्द उरला

३ जुलै
डोकं फिरलं आज. यांना घेऊन नितीन डॉक्टरकडे गेला होता, मी घरी. परत आला तो खुशीत. "आई, ऑपरेशनले बाबा तयार आहेत." मी विचारलं, नेमकं काय म्हणाले? "चालते म्हणाले." अरे देवा! लकव्याचा झटका आल्यापासून यांच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरलाय. कळमन्याच्या बाजारात जन्मभर संत्र्याची अडत केली. भाव पटला की "चालते", सौदा पक्का. बाकी सगळं बोलणं गेलं, हाच राहिला. पोटच्या पोराला हे माहीत नाही? मानेतली नस साफ करायची म्हणे. गंमत आहे का?

५ जुलै
नितीनसमोरच यांना विचारलं, "चहात मीठ टाकू का?" "चालते." "मी माहेरी निघून जाऊ कायमची?" "चालते." अन् लगेच डाव्या हाताची बुक्की पलंगावर. डोळ्यांत पाणी. नितीन म्हणतो, "बाबाले समजूनच नाही राहिलं, आई. आपणच ठरवू." असा संताप आला! बोलता येत नाही म्हणून माणूस येडा होतो का?

८ जुलै
धरमपेठेत वाचा-उपचाराच्या ताईंकडे. म्हणाल्या, एका वेळी एकच गोष्ट, लहान वाक्य. चित्र काढा, त्यांना बोट ठेवू द्या अन् थांबा. थांबणंच तर मले जमत नाही! छापील चित्रं दिली. पाव, काटा-चमचा, कुत्रा. ऑपरेशनचं एकही नाही.

९ जुलै
डॉक्टरांना फोन. ऑपरेशन नाही केलं तर? घाईत होते. "पुन्हा झटका येऊ शकतो. ऑपरेशनमध्येही धोका असतोच. नाहीतर गोळ्या आहेत." म्हणजे गोळ्याही आहेत! यांना कोणी सांगितलंच नाही.

११ जुलै
मीच चित्रं काढली. एका कागदावर मान, नस, चाकू. दुसऱ्यावर गोळ्या. मान सुरईसारखी झाली. हे हसले, वाकड्या तोंडानं. किती दिवसांनी! मग तुकड्या-तुकड्यानं सगळं सांगितलं. यात धोका. यातही धोका. "ठेवा बोट."
थांबली. यांनी दोन्ही कागद पाहिले, माझ्याकडे सरकवले. माझंच बोट धरून कागदांवर आणलं.
"मले काहून विचारता? मान तुमची आहे!" ओरडलीच मी. बोट सोडेनात. उभ्या जन्मात मले विचारून काही केलं नाही, पोराचं लग्नसुद्धा. अन् आता हे.
"मले दोन्हीची भीती वाटते," एवढंच बोलली. यांनी होकाराची मान हलवली. बोट धरूनच होते. परवा डॉक्टरकडे जायचं आहे.