घर, तलावासकट

१८ सप्टेंबर २०१०, शनिवार

मर्सेडला येऊन आठवडा झाला आणि मी, नोरीन हॅवरकँप, चक्क खूश आहे. डेटनच्या बर्फातून सुटले. बदामाच्या कारखान्यात मालाची प्रत तपासणाऱ्या विभागाची मी आता प्रमुख. सध्या सुगी चालू आहे. झाडं हलवणारी यंत्रं दिवसभर घरघरतात आणि गावभर धुरळा उडतो. तरी सकाळी खिडकी उघडली की वाटतं, पन्नाशीत का होईना, आयुष्याने आपल्याला एकदा तरी बरी जागा दाखवली.

आणि घरं! अर्धं गाव विकायला काढलंय. चार वर्षांपूर्वी इथल्या शहाण्यांना वाटलं, घरांच्या किमती अशाच आभाळाला भिडत राहणार. ऐपत नसताना कर्जं काढली, होड्या घेतल्या, मागच्या अंगणात पोहायचे तलाव खणले. आता कर्ज डोंगराएवढं आणि घराची किंमत त्याच्या निम्मी. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. यांचं तर अंथरूणही उसनं होतं.

माझा दलाल टॉड लुंडग्रेन. पूर्वी होड्या विकायचा, म्हणजे त्याच गाढवांना. त्याने शॉर्ट सेल समजावून सांगितला. मालक घर कर्जाहून कमी किमतीत विकतो, पण तोटा बँकेचा, म्हणून बँक हो म्हणेपर्यंत काहीच खरं नाही. त्यात महिनेच्या महिने जातात आणि तोवर मालक तिथेच राहतो, फुकट. अनेकांचा धीर सुटतो म्हणे. मी म्हटलं, तीस वर्षं मूर्खांबरोबर नोकरी केली आहे, धीराचं मला सांगू नकोस.

२ ऑक्टोबर, शनिवार

आज घर सापडलं. गावाबाहेर अर्धवट सोडलेली वसाहत आहे. बिल्डर बुडाला, तेव्हा बरीच घरं नुसते लाकडी सांगाडे होती, ती तशीच उभी आहेत. राहतं घर एकच.

मालक डेलिओ बेटनकोर्ट, फरशी बसवणारा, मूळचा अझोर्सच्या पोर्तुगीज बेटांवरचा. टोपी हातात धरून उभा, जणू मीच बँक. बायको डिओलिंडा सोफ्यावर, काळ्या कपड्यांत, तोंडातून अवाक्षर नाही. तिने गोड पाव पुढे केला. मी दोन तुकडे खाल्ले. असल्या लोकांना पाव छान जमतो, हिशेब जमत नाही. फरशीही खरोखर सुरेख बसवली आहे, सांधा शोधून सापडत नाही.

झोपायची खोली बघत होते तेव्हा मागच्या अंगणातून एका बाईचं बोलणं ऐकू आलं. पोर्तुगीजमध्ये, मजेत, मध्येच खिदळणं. वाटलं, कुणी नातेवाईक असेल. मागे गेले तर कुणी नाही. नुसता तलाव. पंप बंद, पाणी हिरवंकाळं, तळ दिसत नव्हता. डास होऊ नयेत म्हणून सरकारी माणसांनी बारीक मासे सोडलेत, ते वर येऊन तोंडं उघडत होते.

डेलिओ माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, घर घ्या, तुमचं भलं होवो. फक्त या पाण्याशी बोलू नका. आणि ते उपसू नका. तिथे आहे तोवर ते तिथेच आहे."

आधीची दोन गिऱ्हाइकं हे ऐकून पळाली म्हणे. मी गाडीत बसल्यावर पोट धरून हसले. डाव स्वच्छ दिसतोय. गिऱ्हाईक घाबरवायचं आणि आणखी वर्षभर फुकट राहायचं. कर्ज फेडायला अक्कल नव्हती, भुतं उभी करायला बरी आहे.

मागितल्या किमतीपेक्षा बरीच कमी किंमत लिहून दिली. टॉड म्हणाला, मॅडम, मालकाला वाईट वाटेल. मी म्हटलं, वाईट वाटून घ्यायचा हक्कसुद्धा त्याने बँकेकडे गहाण टाकलाय.

१७ ऑक्टोबर, रविवार

बेटनकोर्टांनी निमूट सही केली. बँक गप्प. मी अधूनमधून चक्कर टाकते, कारण अशी माणसं जाताना शेगडीपासून दारांच्या मुठींपर्यंत सगळं उपटून नेतात.

आज डिओलिंडा ओट्याशी कणीक मळत होती. ओठ घट्ट मिटलेले. आणि मागून तीच बाई बोलत होती! मी डेलिओला सरळ विचारलं, ही कोण? त्याने बायकोकडे बोट दाखवलं. "हीच ती."

मग त्याने सांगितलं ते असं. उन्हाळ्यात वीज तोडली, पंप थांबला, पाणी हिरवं झालं. ही रोज काठावर उभी राहायची आणि बँकेला, नवऱ्याला, नशिबाला शिव्या द्यायची. ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच. हळूहळू आवाज बसला. मग गेला. आणि एके दुपारी तिकडून यायला लागला. ती काय बोलते, विचारलं, तर म्हणाला, गोड बोलते. लग्न झालं तेव्हा बोलायची तशी. ये म्हणते. तो कानात कापूस घालून झोपतो.

डिओलिंडाच्या डोळ्यांतून पाणी पिठात पडत होतं. नाटक कंपनीत गेली असती तर कर्ज फिटलं असतं.

मी टेपरेकॉर्डर शोधायला मागे गेले. कुंपण, झुडपं, पंपाची खोली, सगळं धुंडाळलं. काही नाही. बोलणंही थांबलेलं. मग माझं डोकं फिरलं. काठावर उभी राहिले आणि घरात ऐकू जाईल अशा आवाजात पाण्याला सुनावलं. म्हटलं, ऐक रे डबक्या, तू यांच्यासारखाच आळशी आणि घाण आहेस, माझं नाव नोरीन हॅवरकँप, घर माझं झालं की पहिल्या दिवशी तुला गटारात ओतते. बरंच बोलले. गेल्या वीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी माझ्यापुढे रडगाणं गायलं, त्या सगळ्यांना बोलले. आमच्या विनीलासुद्धा, जी टुकार नवऱ्याच्या कर्जाला जामीन राहिली आणि घर घालवून बसली. बहीण असली म्हणून काय झालं!

फार मोकळं वाटलं. सगळे मासे माझ्या पायाशी येऊन गोळा झाले होते.

डेलिओ हात हलवत धावत आला आणि मध्येच थांबला. वळून त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखता आलं नाही. भीती होती, पण नुसती भीती नव्हती.

३१ ऑक्टोबर, रविवार

घसा बसलाय. बदामाचा धुरळा. कारखान्यातल्या मुली माझ्या पाठीमागे म्हणाल्या, बरं झालं, चार दिवस शांतता. ऐकलं मी.

१४ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर म्हणतो, स्वरयंत्र ठणठणीत आहे. मग आवाज कुठे गेला ते सांग ना, टोणग्या! हे त्याला कुजबुजत विचारावं लागलं.

दुपारी घराकडे गेले. धुकं पडायला लागलंय, इथलं ते जमिनीवरून सरपटणारं, भरदुपारचं धुकं. समोरचे सांगाडे दिसत नव्हते. गाडीतून उतरले आणि कुंपणापलीकडून कुणीतरी इंग्रजीत बोललं.

माझा आवाज होता.

मी असं कधीच बोलत नाही. मऊ, समजूतदार. म्हणाली, थंडी आहे, नोरी, ये ना इकडे. नोरी मला फक्त विनी म्हणते.

दारात डिओलिंडा उभी होती. तिने तोंड उघडलं, घशातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला, आणि ती म्हणाली, "माफ करा."

मी गाडी इतकी जोरात मागे घेतली की टपालपेटी आडवी झाली.

३० नोव्हेंबर, मंगळवार

बँक हो म्हणाली. टॉड नाचतोय, इतक्या लवकर कुणालाच मिळत नाही म्हणे.

मी लिहून विचारलं, आता मागे फिरता येईल का? फिरता येईल, म्हणाला, पण का? कारण लिहायला गेले आणि लाज वाटली. एका डबक्याला भिऊन मी पळायचं? बेटनकोर्टांसारखं कानात कापूस घालून बसायचं? ते त्यांनाच शोभतं. घर घेणार आणि उपसणार. पाणी गेलं की सगळंच गेलं.

११ डिसेंबर, शनिवार

किल्ल्या मिळाल्या. घर झाडून पुसून लख्ख, एक खिळासुद्धा उपटलेला नाही. डिओलिंडा अखंड बोलत होती. नवऱ्याशी, ट्रकवाल्याशी, खुर्च्यांशी. मध्येच रडायची आणि पुन्हा बोलायची. माझ्या हाताचं चुंबन घ्यायला आली, मी हात मागे घेतला.

डेलिओ माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी टोपी काढून म्हणाला, मी सांगितलं होतं, बाई. देवाशप्पथ, मी सांगितलं होतं. पण तुम्ही बोलायला लागलात तेव्हा मला धावत यायला उशीर झाला. थोडा मुद्दाम झाला. एवढं कबूल करतो. आता निदान उपसू नका, कुंपण बंद करा आणि इथून जा.

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाला उत्तर देता आलं नाही, आणि तेही असल्या माणसाला.

१२ डिसेंबर, रविवार

भाड्याने पंप आणला. पाणी उतरत गेलं. मी वाट बघत होते, काहीतरी असेल, हाडं, केस, काहीतरी. शेवटी निळी फरशी उघडी पडली. काही नाही. मासे तडफडले आणि थांबले. मी तळाशी उतरून सगळीकडे चालले. हसायचा प्रयत्न केला.

वर आले तेव्हा धुक्यात, समोरच्या सांगाड्यांमधून कुणीतरी हसलं. मग त्याच्या पलीकडच्या घरातून. मग रस्त्यावरून. लांब जात होतं.

तिथे आहे तोवर ते तिथेच आहे, असं तो म्हणाला होता.

आता तिथे नाही.

२० डिसेंबर

टॉडचा मेल. फोनवर इतकं छान बोललात, मॅडम, माझ्या आईची चौकशी केलीत, डोळ्यांत पाणी आलं.

मी फोन केला नव्हता.

कारखान्यातल्या मुलींनी टेबलावर फुलं ठेवली. मी प्रत्येकीची माफी मागितली म्हणे. त्या माझ्याकडे बघून हसतात. मी लिहून दाखवलं, ती मी नव्हते. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. एकीने कागद घडी करून परत दिला आणि म्हणाली, राहू दे, मॅडम, आम्ही विसरलो सगळं.

तिला माणसं आवडतात. माणसांना ती—

२ जानेवारी २०११

फ्रेझ्नोत, मोटेलमध्ये. त्या घरात राहवलं नाही.

विनीचा मेसेज आला. इतक्या वर्षांत पहिलाच. तिकीट पाठवलंस, नोरी, काय बोलू? आपण रोज इतकं बोलतो तरी पुरत नाही. तू त्या दिवशी माझं ऐकून घेतलंस, आईनेही कधी इतकं घेतलं नव्हतं. शनिवारी नव्या घरी भेटू.

रोज बोलतो.

लगेच लिहिलं, येऊ नकोस. ती मी नाही. मला आवाजच नाही. विनी, येऊ नकोस.

तिचं उत्तर आलं. वेडाबाई, तूच सांगितलंस ना फोनवर, घशाच्या औषधाने भ्रम होतो, लिहिलेलं मनावर घेऊ नको म्हणून? काळजी करू नकोस. येतेय मी.

पुन्हा पुन्हा लिहिलं. आता ती उत्तरच देत नाही.

७ जानेवारी

विनीला मी मूर्ख म्हणत आले. ती मूर्ख नाही. तिला कुणीतरी गोड बोलायला हवं होतं, एवढंच. ते मी करू शकले असते, फुकट. केलं नाही.

फ्रेझ्नोच्या विमानतळावर गेले तर? कोणत्या विमानाने येतेय तेही विनी सांगत नाही. ती सांगू नको म्हणाली असेल.

पोलिसांना लिहून दाखवलं. माणूस भला होता. त्याने मला पाणी आणून दिलं आणि विचारलं, कुणाला फोन करून बोलावू?

मी उठून आले.

८ जानेवारी, शनिवार

घरी आलेय. विनी इथेच येणार. मागच्या फाटकाला साखळी घातली, कुलूप लावलं.

धुकं. गाडीसुद्धा दिसत नाही खिडकीतून.

तलाव कोरडाच आहे, धुक्यात अगदी काठावर जाईपर्यंत दिसला नाही. बघितला. आत पानं—

मागून गुणगुणणं येतंय. आम्ही लहानपणी भांडी घासताना गुणगुणायचो ते.

दुपार

गाडी थांबली. दार वाजलं गाडीचं. बॅगेची चाकं.

मी धावत बाहेर गेले. धुक्यात काही दिसेना. हात पुढे करून चालले, टाळ्या वाजवल्या, पाय आपटले. ती उजवीकडून बोलली, विनी डावीकडून. नोरी, कुठे आहेस गं? आणि मी, म्हणजे ती, म्हणाली, इकडे ये, मागे, कॉफी ठेवलीय. वाटेत अडखळले, गुडघा फुटला, घराच्या दाराशीच परत आले.

साखळी खळखळली. विनी हसतेय. माझा आवाज म्हणतोय, ढकल जरा, उघडंच आहे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून विनीची लाल टोपी दिसली. मी काचेवर मुठी मारतेय, विनी बघत नाही. ती बोलतेय ना, मग विनी कशाला बघेल! ही वही काचेला लावते. मोठ्या अक्षरात

विनी इकडे बघ
खिडकीत मी आहे
मागे जाऊ नकोस तिला उत्तर देऊ नकोस काही बोलू नको
विनी मी तुझी माफी माग