आईची गोष्ट छापली

पॅरिस, ३ मार्च १९२६

प्रिय आईस, डर्वलाचा नमस्कार.

मी बरी आहे. खोकला आता फक्त पहाटे येतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझी पहिली गोष्ट मासिकाने घेतली! आधी संपादकबाई म्हणाल्या, "अगं, यात घडतं काय? एक बाई बटाटे सोलते आणि मनाशी बोलते, बस्स!"

मी म्हटलं, "ती माझी आई आहे. तिचं ऐकायला घरात कुणी नव्हतं."

त्यांनी एक शब्दही न बदलता छापली.

त्यात माझा बुडालेला भाऊ कोलम आहे, नावानिशी. बाबा चिडतील. तुला न विचारता लिहिलं, रागावलीस तर रागाव. पण आई, तू बटाटे सोलताना त्याच्याशी बोलायचीस तेव्हा मी दाराआड उभी असायचे. तू एकटी नव्हतीस.

तुझीच,
डर्वला