बत्तीस पत्रे, मिळाले व बसविले

२८ मार्च १९३४
सकाळी दहाला तालुक्याच्या गोदामात हजर. आमच्या शाळेच्या छपरासाठी मंजूर झालेले पत्रे अखेर डोळ्यांनी पाहिले. बत्तीस. कोरे, चकचकीत. चार वर्षे अर्ज लिहून लिहून बोटे झिजली, आज हात लावून पाहिला.

कारकून म्हणाला, ज्याने त्याने आपापल्या पत्र्यांवर गावाचे नाव घालावे, नाहीतर गाड्या भरताना मिसळतात. डांबराचा डबा, काथ्याचा कुंचा. बाकीच्या मास्तरांनी कसेबसे खरडले. मी एकूणएक पत्र्यावर ‘खैरवाडी शाळा’ असे वळणदार लिहिले, ‘ख’ची शेपटी नेहमीसारखी खाली ओढून. दोन तास गेले. अक्षराच्या बाबतीत आपण कुणाला हार जात नाही, एवढे स्वतःच्या वहीत लिहायला हरकत नाही.

निघताना पोचेवर सही. मजकूर लिहिलेला तयारच होता : ‘बत्तीस पत्रे, मिळाले व बसविले.’ मी म्हटले, अजून तर हे इथेच पडलेत. कारकून हसला. “मार्चअखेर आहे, गुरुजी. पोच नसली तर रक्कम परत जाते. सगळेच करतात.” कंत्राटदार गाड्यांनी पोचवून बसवूनही देणार आहे. केली सही. तीही झोकात.

१२ एप्रिल
आबा पाटलांकडे बैठक. आबा शाळा कमिटीचे अध्यक्ष, स्वतः निरक्षर, पण शाळेविषयी कुणी वावगे बोलले तर काठी उचलतील. दरसाल पावसाच्या तोंडावर गाव मिळून शाळा शाकारतो. घरटी दोन भारे पेंढा, कुणाच्या घरून बांबू, कुणाच्या घरून सुंभ. मी ताठ्याने सांगितले : यंदा पेंढा राखू नका. यंदा पत्रे!

आबा : “मंग जुनं छप्पर उतरवून भाताच्या राबाला जाळायला घालू का? पानपाला लय कमी पडलाय औंदा.”
खुशाल घाला, म्हटले.

शाळेच्या ओट्यावर ठाकरवाडीची भागी बसली होती. कामशेतला लाकडाची मोळी विकायला जाताना रोज इथे टेकते. पोरगी चांगुणा आमच्या दुसरीत. दाराशी मी लिहिलेला शाळेच्या नावाचा फळा आहे, त्याकडे बघत बसते. आज विचारत होती, यातलं ‘वा’ कुठलं. दाखवले.

३ मे
छप्पर उतरले. जुना काळा पेंढा भातरोपांच्या जागेवर नेऊन लोकांनी राब भाजला. दिवसभर धूर. भिंती, वर वासे, त्यावर आभाळ. सौ. म्हणाली, “पत्रे येईपर्यंत थांबायचं होतं.” बायकांना धीर नसतो. (हे तिला दाखवायचे नाही.)

१९ मे
कंत्राटदाराचा माणूस कामशेतच्या बाजारात भेटला. “आज-उद्या निघतील.” मागच्या आठवड्यातही हेच म्हणाला होता.

४ जून
स्वतः कंत्राटदाराच्या पेढीवर गेलो. पाणी नाही की बसा नाही. कपाटातून कागद काढून पुढे धरला. माझीच पोच.
“पत्रे मिळाले, बसविले. सही कुणाची, गुरुजी? मग मागता काय?”

 येताना दोन कोस चाललो, रस्त्यात कोण भेटले आठवत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तक्रार करावी तर आधी कबूल करावे लागेल की सरकारी कागदावर मी खोटे लिहिले. नोकरीवरच येईल. न करावी तर शाळा उघडी. पेंढा गावाने माझ्या शब्दावर जाळला. तेलही गेले, तूपही गेले.

७ जून
आबांना खरे सांगितले. वाटले, ओरडतील. तंबाखू मळता मळता म्हणाले, “गोठ्यात बसवा पोरं. पर पाऊस लागला की जनावरं कुटं न्यायची मी?” म्हणजे फार तर पंधरा दिवस. पुढे शाळा बंद. बंद पडलेली शाळा वर्षभर तशीच राहते, मी माझ्या गावी, परंदवडीला, लहानपणी पाहिले आहे.

९ जून
आज जे झाले ते नीट लिहितो.

गोठ्यात तिसरीची गणिते चालू. दारात भागी. महिनाभर लोणावळ्याला एका शेटच्या बंगल्यावर बिगारी करत होती, आज परतली. आत येईना.
“गुर्जी, आपल्या शाळंचं पत्रं तितं हाईत.”
कुठे?
“बंगल्याच्या मोटारखान्यावर. म्याच डोईवरनं वाहिलं की.”
तुला काय कळले ते आपले आहेत?
माझ्याकडे पाहिले. काय खुळा प्रश्न विचारतोय, असे. “त्यावर लिवलंय. खैरवाडी शाळा. तुमचाच ‘ख’ हाय त्यो, शेपटीवाला. आपल्या फळ्यावानी.”

मी पोरांसमोर खाली बसलो. या बाईला मी एक दिवस शिकवलेले नाही. मोळी उतरवून पाणी पिण्यापुरती ओट्यावर बसायची. आठ वर्षे पाटीवर अक्षरे गिरवून घेतो आहे, पण माझे अक्षर एवढ्या कामाला कधी आले नव्हते.

१० जून
रविवार. मी, आबा, भागी. कामशेतहून गाडीने लोणावळा. बंगला शेवटच्या टोकाला, करवंदीच्या जाळीपलीकडे. शेट मुंबईला. माळी आत सोडेना. आबांनी आपली पाटीलकी सांगितली. ती लोणावळ्यात कोण ऐकतो! शेवटी भागीने माळणीला हाक मारली, दोघींनी महिनाभर एकत्र भाकरी खाल्लेली. फाटक उघडले.

मोटारखान्यात उभे राहून वर पाहिले. लिहिलेली बाजू आतून घेतली होती, बाहेरून दिसू नये म्हणून. खैरवाडी शाळा. खैरवाडी शाळा. बत्तीस वेळा. आबांना वाचता येत नाही. भागीने बोट फिरवून त्यांना वाचून दाखवले. आबा टोपी काढून तसेच वर बघत उभे राहिले.

११ जून
निनावी अर्ज करावा, असे काल रात्रभर मनात होते. अक्षर बदलून डाव्या हाताने. सकाळी सौ.ला विचारले. दळता दळता म्हणाली, “भागी चारचौघांत उघड बोलली. तुम्ही डाव्या हाताने लिहा.”
 जाते थांबवले नाही.

शाळा-तपासनीस साहेबांना उजव्या हाताने लिहिले. ‘मार्चमधील माझी पोच खोटी आहे. तिच्यावर मी जाणूनबुजून सही केली. पत्रे लोणावळ्यास अमुक बंगल्यावर आहेत.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा. प्रत शाळेच्या दप्तरात. कामशेतला जाऊन टपालाने रजिस्टर करून आलो. परत येताना भूक लागली होती. चार दिवसांत पहिल्यांदा.

१८ जून
पाऊस बसला. अर्ध्या गोठ्यात म्हशी, अर्ध्या गोठ्यात पहिली ते चौथी. ठाकरवाडीची पोरे डोक्यावर पानांची इरली घेऊन ओढा ओलांडून येतात. आज ३४ हजर. आबांनी दोन बैल घराच्या ओसरीवर बांधलेत. पाटलीणबाईंचा आवाज चौथीच्या कवितेपेक्षा मोठा.

२२ जून
तपासनीस साहेब लोणावळ्यास जाऊन आल्याची बातमी काल लागली. आज भर पावसात तीन गाड्या गावात. कंत्राटदाराचा तोच माणूस. “चुकून दुसऱ्या गाडीत भरले गेले होते हो, गुरुजी.”  अख्खा गाव गाडीभोवती उभा होता. मोजून उतरवून घेतले. बत्तीस.

२४ जून
कंत्राटदाराची वाट कुणी पाहिली नाही. दरसाल शाकारायला येतात तसेच आले. घरटी एक माणूस, ठाकरवाडीही. पेंढ्याऐवजी पत्रे, एवढाच फरक. मोटारखान्याच्या खिळ्यांची भोके होती, त्यांत डांबरात बुडवलेल्या चिंध्या कोंबल्या.

आबांचे म्हणणे, अक्षरे बाहेरून घ्या, डोंगरावरून दिसली पायजेल. भागी खालून ओरडली, “आतनंच ऱ्हाऊ द्या, आबा! पोरं वर बगून वाचत्याल.” आबांनी ऐकले. पाटलाने ठाकरणीचे ऐकलेले या गावात मी पहिल्यांदा पाहिले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आत एकटा उभा राहिलो. नांगर धरणाऱ्या घरातला मी पहिला मास्तर. आई असती तर तिला हात धरून इथे आणले असते.

३ जुलै
आता नवीनच पीडा. पाऊस कोसळला की पत्रे असे वाजतात की माझे मलाच ऐकू येत नाही. पेंढ्याखाली कसे गुपचूप असायचे! पाढे ओरडून घ्यावे लागतात. घसा बसला. तेरा चोक बावन्न ओढ्यापलीकडे ऐकू जाते म्हणे. जाऊ दे.
हजर ३९.

९ जुलै
तपासनीस साहेब शाळेत आले. माझा जबाब अर्धा तास. एकही प्रश्न कठोर नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. “गुरुजी, तुमच्यासारख्याने सही कशी केली?” सगळेच करतात, हे उत्तर ओठांवर आले होते. गिळले.

मग भागूबाईंचा जबाब. साहेबांच्या कारकुनाने सवयीने शाईची डबी पुढे सरकवली, अंगठ्यासाठी.
“आंगटा कशापायी? लिवती की.”
टाक मुठीत धरला. ‘भागी’ लिहिले, ते चांगुणाने शिकवलेले. मग न सांगता पुढे ‘खैरवाडी’. खूप वेळ लागला. कारकून घड्याळ बघत होता, साहेबांनी त्याला हाताने थांबवले. ‘ख’ला शेपटी खाली ओढलेली.

मी बाहेर जाऊन पावसात तोंड धुऊन आलो.

१३ जुलै
हुकूम आला. सोमवारी पुण्यास हजर व्हावे, पोचेविषयी खुलासा करावा. तोवर चार्ज शेजारच्या गावच्या मास्तरांकडे. परत इथेच पाठवतील, कुठे लांब टाकतील की घरी बसवतील, हुकुमात काही नाही. सौ.ने ट्रंक काढलेली नाही. विचारले, तर म्हणाली, “एका दिवसाला ट्रंक कशाला?”

चार्ज द्यायचा म्हणून सामानाचे रजिस्टर पुरे करत बसलो. घंटा एक. नकाशा एक, फाटका. फळे दोन. बाहेर तुफान पाऊस, वर पत्र्यांचा गदारोळ, पोरे ओरडून पाढे म्हणताहेत, भागूबाई मोळी घेऊन ओट्यावर. शेवटची ओळ माझ्या नेहमीच्या अक्षरात, सावकाश लिहिली :

पत्रे बत्तीस. मिळाले व बसविले.

सही केली.