नाही बाळ, नीट विचार कर

७ जानेवारी १९३५, सोमवार. भोर.

आज हेडमास्तर बोकीलांनी बोलावून घेतलं. शास्त्राचे मास्तर पुण्याला गेले ते तिकडेच राहणार म्हणे. त्यांचे तास मी घ्यायचे. मी ड्रॉइंगचा माणूस. विनयाने म्हणालो, शास्त्रातलं मला फारसं येत नाही. ते म्हणाले, ते ठाऊक आहे, पण दुसरं कोणी मोकळं नाही. माझ्या विनयाची छाप पडली.

पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन. साहेबांना पाठ पसंत पडला तर भोरला कायम. नाहीतर परत वेल्ह्याला, जिथून दिवाळीनंतर कसाबसा सुटून आलो. कुटुंबाने तेव्हाच सांगून ठेवलंय की पुन्हा वेल्ह्याचं नाव काढलंत तर तुम्ही वेल्ह्याला आणि मी माहेरी. पण ती वेळ येणार नाही.

संकल्प : शास्त्र शिकणे. उद्या पहाटेपासून.

८ जानेवारी.

पहाटे फार थंडी होती.

९ जानेवारी. दुपारी.

शास्त्राचं पुस्तक उघडलं. दुसऱ्या पानावर डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर बदलला असावा. पुस्तक मिटल्यावर थांबलं.

पुडीच्या कागदावर एक जाहिरात सापडली. 'शास्त्राचे तयार पाठ. दुय्यम शाळांच्या शिक्षकांसाठी. विषय येण्याची आवश्यकता नाही.' इतक्या अचूकपणे मला आजवर कोणी ओळखलं नव्हतं. लगेच व्ही. पी.ने पुस्तक मागवलं.

१४ जानेवारी. संक्रांत.

व्ही. पी. आली. तिळगूळ बाजूला ठेवून वाचत बसलो. काय सोय आहे! शिक्षक काय म्हणतील ते छापलंय. मुलं काय म्हणतील तेही छापलंय. 'येथे शिक्षक स्मित करतील.' 'येथे मुले आश्चर्याने अहाहा म्हणतील.' स्मित मला येतं. म्हणजे अर्धं काम झालंच.

पाठ पहिला : हवा. रिकामा ग्लास मुलांना दाखवायचा. विचारायचं, यात काय आहे? एक मुलगा चुकेल. म्हणेल, काही नाही. मग शिक्षक प्रेमळपणे म्हणतील, नाही बाळ, नीट विचार कर. मग ग्लासच्या तळाशी कोरडा कागद दाबून बसवायचा आणि ग्लास उपडा पाण्यात बुडवायचा. आत हवा असल्याने कागद कोरडा राहतो. मुले आनंदित होतात.

चूकसुद्धा तयार मिळते! हे मला फारच आवडलं.

१६ जानेवारी.

पाठ वर्गात घेतला. पुस्तकाप्रमाणे विचारलं, मुलांनो, आपल्या सभोवार काय आहे? उत्तर छापलंय : हवा. पहिला म्हणाला डोंगर. दुसरा म्हणाला भिंती. धनगराचा रायबा खिडकीतून बघून म्हणाला, मास्तर, आमची मेंढरं हायती.

पुस्तकात चूक नाही. मुलांचीच तयारी नाही. निश्चय केला : मुलांना मुलांची उत्तरं पाठ करायला लावणे.

२१ जानेवारी.

प्रत्येकाला एकेक उत्तर वाटून दिलं. चुकण्याचं काम शिवऱ्याच्या भिमाला. इथे आत्याकडे राहून शिकतो. चेहरा भोळा आहे, चूक शोभून दिसेल.

घरीही सराव चालू आहे. जेवताना, अंथरुणं घालताना मी 'नाही बाळ, नीट विचार कर' म्हणून बघतो. प्रेमळपणा अजून घशात अडकतो. कुटुंब म्हणालं, आमटीत मीठ आहे का एवढंच मी विचारलं होतं.

२४ जानेवारी.

प्रयोग एकदा स्वतः करून पाहावा म्हणतो. पण शाळेत काचेचा ग्लास एकच. त्यातून साहेबांना पाणी द्यायचं, म्हणून शिपाई सोनबा त्याला हात लावू देत नाही. तुमी फोडाल, म्हणाला.

हरकत नाही. घरचं पितळेचं फुलपात्र घेईन. बोकील म्हणाले, अहो, त्यातून आतलं दिसायचं कसं? मी म्हणालो, हवा काचेतून तरी कुठे दिसते? ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. शास्त्रीय मुद्दा असला की ड्रॉइंगवाल्याकडूनही ऐकावं लागतं.

२९ जानेवारी.

भिमाचा बाप कोंडिबा शिवऱ्याहून शाळेत आला. भलताच तापलेला. म्हणाला, मास्तर, सगळी पोरं बरूबर बोलनार आन आमचंच चुकनार? सायबाम्होरं? आमचा गाव काय येड्यांचा हाय व्हय?

मी शांतपणे समजावलं. म्हटलं, नाटकात राक्षस नसेल तर देवाला काय काम? भिमा चुकला नाही तर मी सुधारू कोणाला? सगळा पाठ त्याच्या चुकीवर उभा आहे. कोंडिबा ऐकत राहिला. मग म्हणाला, आसं व्हय. आणि उठून गेला.

समजूत पटली. खेड्यातल्या माणसाला नीट सांगितलं की कळतं.

५ फेब्रुवारी.

मुलांचं पाठांतर अप्रतिम. फक्त दोघेतिघे अजून 'आश्चर्याने अहाहा' असं म्हणतात. त्यातलं आश्चर्याने काढायचं राहिलंय.

प्रयोग आज करणार होतो. घंगाळ रिकामं नव्हतं, त्यात कुटुंबाने धुणं भिजवलं होतं. उद्या.

९ फेब्रुवारी. रविवार नव्हे, शनिवार. (घाईत चुकलं.)

घंगाळ रिकामं होतं. पण छापलेल्या प्रयोगावर संशय घेणं मला बरं दिसेना.

१७ फेब्रुवारी. रविवार.

उद्या इन्स्पेक्शन. कोट झटकून ठेवला. बायकोला म्हटलं, कायम झालो की बाजारपेठेच्या मागे, नदीच्या अंगाला खोली बघू. तिने भांडी घासता घासता विचारलं, तुम्ही तो पेला एकदा तरी पाण्यात बुडवून पाहिलात का? बायकांना उगाच शंका फार.

 

१८ फेब्रुवारी. सोमवार. सायंकाळ.

झालं.

सगळं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण स्वतःशी प्रामाणिक राहिलं पाहिजे, म्हणून माझी चूक नव्हती एवढं आधी लिहितो.

साहेब मागच्या बाकावर बसले. पुण्याचे, डोक्यावर टोपी, बोलणं गोड. शेजारी बोकील. मी स्मित केलं. सभोवार काय आहे विचारलं. हवा! असा आवाज झाला की वळचणीचे पारवे उडाले. साहेबांनी मान हलवली. रंग भरत होता.

मग फुलपात्र वर धरलं. भिमाकडे वळलो. विचारलं, यात काय आहे?

भिमा उठला, छाती काढली आणि ठणठणीत म्हणाला, मास्तर, हवा हाय!

आता यात मी काय करणार? महिनाभर जीभ एका वळणाला बसलेली. मी प्रेमळपणे म्हणालो, नाही बाळ, नीट विचार कर.

आज पहिल्यांदा प्रेमळपणा घशात अडकला नाही.

भिमा गोंधळला. त्याने एकवार दाराकडे बघितलं. दारात कोंडिबा उभा, पागोटं काखेत, डोळे पोरावर. मागाहून कळलं की त्याने भिमाला दम दिला होता, चुकलास तर घरी येऊ नकोस. पोराने पुन्हा सांगितलं, हवाच हाय. मी पुन्हा म्हणालो, नाही बाळ. तेव्हा साहेबांनी मागून विचारलं, मग मास्तर, तुम्हीच सांगा, काय आहे त्यात?

मी म्हणालो, काही नाही.

पुढच्या उत्तराचा मुलगा तेवढा जागेवर होता. तो उभा राहून म्हणाला, अहाहा, कागद कोरडाच आहे! लगेच सगळा वर्ग म्हणाला, अहाहा! दोघेतिघे म्हणाले, आश्चर्याने! साहेबांनी विचारलं, कोणता कागद? कागद माझ्या खिशात होता.

घाईने तो पेल्यात कोंबला आणि पेला घरून आणलेल्या घंगाळात बुडवला. बहुधा जरा तिरका गेला. बुडबुड आवाज करत मोठाले बुडबुडे वर आले. कागद भिजून हातात आला. मुलं बिचारी इमानदार, पुन्हा एकसुरात ओरडली, कागद कोरडाच आहे!

साहेब घंगाळाशी आले. भिमाला जवळ घेऊन विचारलं, हे बुडबुडे कशाचे रे?

भिमाने बापाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पोर डोळ्यांत पाणी आणून म्हणालं, काय न्हाई, सायेब.

तेवढं मात्र मला लागलं. महिनाभरात मी शिकवलेलं तेवढंच त्याने मनापासून घेतलं. कोंडिबा आत आला, पोराचा हात धरला आणि घेऊन गेला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

२० फेब्रुवारी.

साहेबांचा शेरा बोकीलांनी वाचून दाखवला. 'चुकणाऱ्या मुलाचे काम शिक्षकांनी स्वतः उत्तम केले.' मी म्हटलं, उत्तम हा शब्द आहे ना त्यात? बोकील म्हणाले, दाबके, सामान आवरा.

२ मार्च. शनिवार.

वेल्ह्याचा हुकूम आला. कुटुंबाला सांगायला धीर होईना. तिला आधीच कळलं होतं. माहेरचं काही बोलली नाही. घंगाळ घासत बसली आहे.

संकल्प : तिथे गेल्यावर कोणत्याही विषयाचे तयार पाठ घेणार नाही. स्वतःच लिहून विकीन.

३ मार्च. रविवार. वेल्हे.

ती आली बरोबर. मोटारीत माझ्याआधी चढून बसली, मांडीवर घंगाळ. मला फार बरं वाटलं.

मार्गासनीच्या अलीकडे मोटार फुस्स करून थांबली. उतारू खाली उतरले. बाया घाबरल्या, पोरं रडायला लागली. अशा वेळी शिकलेल्या माणसाने पुढे व्हावं. मी म्हणालो, घाबरू नका, काही नाही झालं. एका म्हातारीने चाकाकडे बोट दाखवून विचारलं, आन त्यातनं फुस्सदिशी गेलं त्ये काय, मास्तर? मी म्हणालो, काही नाही.

रस्त्याकडेला उपड्या घंगाळावर बसलेलं माझं कुटुंब म्हणालं, नाही बाळ, नीट विचार कर.

इतका प्रेमळपणा मला कधीच साधला नव्हता. ड्रायव्हर हसला, म्हातारी हसली. मग तीही तोंडाला पदर लावून हसत सुटली. भोर सोडल्यापासून पहिल्यांदाच.

क्लीनरने ट्यूबला ठिगळ लावलं आणि पंप माझ्या हातात दिला. हात भरून आले तरी चाक उठेना. कोट काढला, टोपी काढली, पुन्हा मारत राहिलो. हळूहळू मोटार वर आली.

हवा असते.